भिंतीला ओरखडा नको

शनिवार, १ जून

आले एकदाची नव्या घरात. सकाळी नऊला किल्ली हातात पडली आणि साडेनऊला सामिसोनीने पहिला खोका आणून ठेवला तो नेमका माझ्या पायावर. पाठचा भाऊ पस्तिशीला आला तरी त्याला डावं-उजवं कळत नाही. पण ट्रक त्याचा, म्हणून तोंड आवरलं.

घर ओमारू गावाच्या चढावर आहे. शंभर वर्षांचं, लाकडी, बाहेरून अगदी सामान्य. बैठकीची खोली मात्र बघत राहावी अशी. उंच छत, आणि छताच्या हातभर खाली चारही भिंतींना फिरवलेली लाकडी पट्टी. जुन्या लोकांनी फोटो टांगण्यासाठीच केलेली सोय. पट्टीवर पितळी आकडा अडकवायचा, आकड्याला दोरी, दोरीला फोटो. खिळा नाही, भोक नाही, रंग निघायला नको. सामिसोनी म्हणाला, ताई, लोक घर घेताना गरम पाणी बघतात, चूल बघतात, तू पट्टी बघितलीस! बघितली. ह्या पट्टीसाठीच घर भाड्याने घेतलं.

बाबांना जाऊन येत्या तेवीस तारखेला वर्ष होईल. त्यांचा मोठा फोटो आहे माझ्याकडे: अंगात सूट, कमरेला आमच्याकडे गुंडाळतात ती मानाची चटई, चेहऱ्यावर फोटो काढणाऱ्यावरचा राग. चौकट वावाऊहून, आमच्या मूळ बेटावरून, चुलत्याने पाठवलेली, नारळाच्या जुन्या खोडाची. काचेसकट चौदा किलो. मी मटणाच्या कारखान्यात खोके भरते, वजन मला हाताला कळतं, काटा लागत नाही. आधीच्या घरात खिळ्याला बंदी होती आणि चिकटवायच्या आकड्यांना हे वजन पेलेना, म्हणून बाबा दहा महिने कपाटात उभे होते. आमच्यात मुलं बापाच्या डोक्याला हात लावत नाहीत, आणि माझ्या बापाचं डोकं माझ्या गुडघ्याशी, झाडूच्या शेजारी. दार उघडलं की मान खाली जायची.

बाबा बत्तीस वर्षं ह्या देशात राहिले. पाच घरं, पाचही भाड्याची. एका भिंतीत कधी खिळा ठोकला नाही. घर सोडताना दात घासायच्या ब्रशने भिंतींचे कोपरे घासायचे. घरमालक म्हणायचे, तुम्ही इथे राहत होता असं वाटतसुद्धा नाही. बाबांना ते कौतुक वाटायचं. मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

एजन्सीची जॅनिन बाई किल्लीबरोबर कागद देऊन गेली. त्यात प्रत्येक भिंतीची अवस्था लिहिलेली असते, आपण बघून सही करायची. बैठकीच्या चारही भिंतींपुढे एकच शब्द: निर्दोष. मी निरखून बघितलं. शंभर वर्षांच्या घरात केसाएवढी भेग नाही. जॅनिन तीनदा म्हणाली की खिळा नको, स्क्रू नको, चिकटपट्टी नको, आणि चोवीस तारखेला मी तपासायला येईन. म्हटलं, ये बाई, भिंग घेऊन ये.

रविवार, २ जून

चर्चमधल्या प्रार्थनेहून आल्यावर कामाला लागले. आधी पट्टी ठोकून बघितली, आवाज भरीव आला. मग बाबांना एकदम टांगायचं नाही म्हणून दोन आकड्यांवर तांदळाची वीस किलोची गोण टांगली आणि दोन तास तशीच ठेवली. पट्टी जराही वाकली नाही. चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बनातीचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंतीला घासणार नाही. दोरी नायलॉनची, दुहेरी. गाठी सामिसोनीने मारल्या, मी त्या सोडून पुन्हा मारल्या.

दुपारी तीन वाजता बाबा वर गेले. चौकटीची खालची कड इतक्या उंचीवर ठेवली की टाचा उंचावून हात वर केला की बोटं जेमतेम टेकतात. म्हणजे आता घरात कुणाचंही डोकं बाबांच्या वर जाणार नाही. मी त्यांच्याकडे बघितलं आणि रडले. सामिसोनी खिडकीबाहेर बघत होता, म्हणजे तोही रडत होता.

वीस किलोची गोण दोन तास मीच धरून उभी असल्यासारखे खांदे भरून आलेत. घर बदललं की असं होतंच.

मंगळवार, ४ जून

खांदे उतरले नाहीत. आज आंघोळीच्या वेळी आरशात बघितलं तर दोन्ही खांद्यांवर मानेपासून बोटभर अंतरावर एकेक लाल वळ. दोरीएवढा रुंद. कारखान्यात मी दोरीचं काही उचलत नाही.

कामावर पेलेनाइसेने विचारलं की पाठीला पिशवी अडकवून कुठे डोंगर चढतेस का. मी म्हटलं, हो, रोज, घरचा डोंगर. हसलो दोघी.

शुक्रवार, ७ जून

शेजारच्या मर्व्हने लिंबं आणून दिली. ऐंशीचा आहे, बायको नाही, बोलायला माणूस हवा असतो. त्याच्याकडून कळलं की माझ्या आधी इथे डंकन म्हणून एक शाळामास्तर सात वर्षं राहत होता. आला तेव्हा सहा फुटी, दारातून वाकून आत जायचा. गेला तेव्हा त्याची नजर बुटांवर. बायकोचा भलामोठा आरसा आणि तिचे सगळे फोटो त्याने त्या पट्टीला टांगले होते. मर्व्ह म्हणाला, एवढा जपून राहणारा माणूस बघितला नाही, भिंतीला ओरखडा नाही, डिपॉझिट शेवटच्या सेंटपर्यंत परत मिळालं. त्याला उचलून न्यायला मात्र गाडी बोलवावी लागली.

मी विचारलं, काय झालं होतं त्याला? मर्व्ह म्हणाला, डॉक्टर म्हणे ओझी उचलून हाडं झिजलीत. पण तो भूगोल शिकवायचा गं, ओझी कसली!

रविवार, ९ जून

मला कोडी आवडत नाहीत. दुपारी सरळ करून बघितलं.

बाबांची क्षमा मागून त्यांना खाली घेतलं, कोचावर ठेवलं. खांदे मोकळे. लगेच. मग पट्टीला तांदळाची गोण टांगली आणि हात मागे बांधून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले. खांद्यांवर वीस किलो. हे वजन मी दिवसातून तीनशे वेळा उचलते, मला कोण फसवणार? पाच किलो तांदूळ काढले, पंधरा झालं. गोण काढली, गेलं.

भिंत काहीच पेलत नाही. जो टांगतो तो पेलतो. म्हणून ती निर्दोष!

बराच वेळ जमिनीवर बसून होते. भीती वाटली, लिहून ठेवते, उगाच शूरपणा नको. मग त्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं आणि डोकं फिरलं. बाबांना परत कपाटात घालू? झाडूशेजारी? चौदा किलो म्हणजे माझ्यासाठी काहीच नाही. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. वर्षाची प्रार्थना बाबांच्या डोळ्यांसमोर होईल, मग बघू. पुन्हा वर लावले. गाठ मारताना भिंतीला म्हटलं, घे, तू बसून राहा. माझ्या बापाला मी उचलते.

बुधवार, १२ जून

चूक झाली. कारखान्यात पट्टीचं बोलून बसले. म्हणजे फुशारकीच मारली, की माझ्या घरी बाबा भिंतीवर आहेत आणि भिंतीला भोक नाही.

संध्याकाळी पेलेनाइसे दारात. हातात चादरीत गुंडाळलेली तिची आई. तिच्याही घरी खिळ्याला बंदी आहे, आई चार वर्षं पलंगाखाली आहे. तिने मागितलं नाही, नुसती उभी राहिली. मी नाही कशी म्हणणार? नऊ किलो.

ती स्वतः टांगते म्हणाली. मी तिला हात लावू दिला नाही.

शनिवार, १५ जून

लाव्हिनिया आत्या वर्षाच्या प्रार्थनेसाठी राहायला आली. बाबांची थोरली बहीण. आमच्यात बापाच्या बहिणीपुढे कुणाचं काही चालत नाही. ती म्हणेल ते, आणि ती बसेल तिथे बाकीच्यांनी उभं राहायचं. दारातून बाबांना बघितलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला. मग माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, पोरी, माझ्या भावाला तू जमिनीवरून उचललंस.

मग तिने वावाऊहून आणलेली शिंपल्यांची माळ चौकटीला घालायला दिली. तीनपदरी, चार किलो. माझ्या गुडघ्यांतून आवाज आला. आत्या म्हणाली, तुझी आई अशीच कडकड वाजायची.

येणारा प्रत्येक जण माळ आणणार. रीतच आहे.

रविवार, १६ जून

प्रार्थनेनंतर आत्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं: ज्यांची माणसं कपाटात असतील त्यांनी मेलेआनेच्या घरी आणा, तिची भिंत भक्कम आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा फेलेटी माझा हात धरून रडला. त्याचा भाऊ अकरा वर्षं गॅरेजमध्ये आहे.

मी हसले. त्या सगळ्यांकडे बघून कुणाला नाही म्हणता आलं असतं? आज सात फोटो आले. आत्या प्रत्येकाला म्हणते, मेलेआनेच लावेल, घर तिचं आहे. म्हणजे मीच चढते शिडीवर.

सगळे मिळून किती झालं ते लिहीत नाही. मला माहीत आहे.

मंगळवार, १८ जून

कामावर खोका उचलताना खाली बसले. घरी पाठवलं.

दोन तारखेला बाबांच्या चौकटीची कड बोटांना टेकत होती. आज चार बोटं कमी पडली. फोटो वर सरकला असेल म्हणून टेप लावून मोजलं. फोटो तिथेच आहे.

सामिसोनीला सगळं सांगितलं. तो हसला नाही. तांदळाची गोण आणून त्याने स्वतः टांगली आणि स्वतःच मटकन खाली बसला. मग गोण काढून उठला आणि म्हणाला, ताई, आत्ताच्या आत्ता सगळे खाली. मी म्हटलं, रविवारी. तो ओरडला माझ्यावर, जन्मात पहिल्यांदा. मी पण ओरडले. आत्या आतून म्हणाली, काय चाललंय रे, बाप ऐकतोय!

बुधवार, १९ जून

सामिसोनीने न विचारता बाबांना उतरवलं. मी स्वयंपाकघरात होते, अळूच्या पानात मटण बांधत होते.

वजन गेलं नाही.

तो आत आला आणि म्हणाला, ताई, आता कसं वाटतंय. मला खोटं बोलता आलं नाही. तो पुन्हा पुन्हा विचारत होता. फोटो त्याच्या हातात होता, त्याला माळेसकट अठरा किलो लागत होते, मलाही लागत होते. नऊ तारखेला लगेच उतरलं होतं, पण भिंतीने हिशोब एकदा पक्का केला की तो उतरत नाही असं दिसतं. डंकन आरसा घेऊन गेला आणि तसाच वाकलेला गेला.

सामिसोनी ओट्यापाशी बसून रडला. मी म्हटलं, मग उतरवायचं कशाला? दे, मीच लावते बाबांना परत. वजन मला, तर दर्शन तरी सगळ्यांना.

शुक्रवार, २१ जून

झोपून लिहितेय. आडवं झालं तरी दोऱ्या खांद्यांतच. वळ आता लाल नाहीत, काळे.

मर्व्ह लिंबं घेऊन आला. माझ्याकडे बघून दारातच थांबला. मी विचारलं, मर्व्ह, तुझ्या घरात फोटो कशावर आहेत? तो म्हणाला, खिळ्यावर, दुसरं कशावर? पन्नास वर्षांत भिंतीची चाळण केलीय. घर माझं आहे. खिळा खाल्ल्याशिवाय भिंत वजन धरते का कधी? डंकनला सांगून थकलो, की बाबा, एक तरी ठोक. तो म्हणायचा, नको, करारात नाही.

म्हणजे माझ्या ह्या भिंतीला कुणी कधी काही केलंच नाही. म्हणून ती—

मर्व्ह हातोडी देऊन गेलाय. चार इंची खिळे, खोकाभर.

शनिवार, २२ जून

हात उठला नाही. खिळा भिंतीला टेकवला, हातोडी उचलली, आणि बाबा आठवले, ब्रश घेऊन कोपऱ्यात बसलेले. डोळ्यांत पाणी आलं. बत्तीस वर्षं दुसऱ्याची भिंत जपली त्या माणसाने. आमच्या रक्तातच आहे हे, की आपल्याला लागलं तरी चालेल, त्यांच्या रंगाला नको.

आणि उद्या प्रार्थना. आदल्या दिवशी मयतांच्या डोक्याशी ठोकाठोक नको, आत्या म्हणाली. ठीक.

एकोणनव्वद किलो. शेवटची माळ धरून.

रविवार, २३ जून, सकाळ

काळे कपडे घातले. दुखवट्याची चटई कमरेला सामिसोनीने बांधली, माझे हात मागे जात नाहीत. उभी राहणार. बसले तर उठायची नाही.

रविवार, दुपार

झालं. आमेन झालं.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नऊ चेहरे भिंतीवर, माळा घातलेले, आणि खाली सगळे गात होते. फेलेटी भावाकडे बघून गात होता. पेलेनाइसेने तान घेतली तेव्हा काचा वाजल्या. मी दाराची चौकट धरून उभी होते, शेवटच्या ओळीपर्यंत. पडले नाही. एवढं मी कुणालाही सांगेन, पडले नाही.

आत्याने माझ्या कमरेची चटई सोडली. वर्षाचं दुखवट्याचं काळं उतरवलं. म्हणाली, आता हलकी झालीस. मी हसले की रडले, कळलं नाही.

सगळे चर्चच्या हॉलमध्ये जेवायला गेलेत. म्हटलं, ताटं मांडा, आलेच. सामिसोनी जाईना. त्याला आत्याने कान धरून नेलं.

आता मी आणि ती.

वही भिंतीला टेकवून लिहितेय. गार आहे ती. गुळगुळीत. जॅनिनच्या कागदावर उद्या काय लिहिलं जाईल ते मला माहीत आहे. निर्दोष. आणि मला स्ट्रेचरवरून नेताना कुणीतरी म्हणेल, भारी जपून राहायची हो बाई, राहत होती असं वाटतसुद्धा नाही.

असं कुणी म्हणायचं नाही. ह्या वेळी नाही.

बाबा, माफ करा. पहिला तुमचा.

—

शिडीवर चढून ठोकला. चार घाव. तिसऱ्या घावाला भिंतीत काहीतरी मोडलं आणि माझ्याही खांद्यात मोडलं, एकाच वेळी, तोच आवाज. डावा हात कोपराच्या वर उठत नाही. पण बाबांची दोरी खिळ्यावर घेतली आणि चौदा किलो गेले. अधिक चार माळेचे. बरोबर अठरा. मला वजन कळतं. गेले!

धरलंस ना शेवटी. लागलं ना.

खिळ्यापासून भेग निघालीय. वर नाही जात, खाली येतेय. मी उभी आहे तिथे. येऊ दे.

दुसरा, पेलेनाइसेच्या आईचा. बोटांत खिळा धरता येतोय अजून. बोटं पुरेत.

—

दोन झाले. बसून लिहितेय. उजवी बरगडी. श्वास अर्धाच. नऊ किलो गेले. भिंत थरथरतेय, मी पण. भेग बुटापर्यंत आली, आणि आतून आवाज, कुणीतरी दात खातंय—

बाहेर सामिसोनी. दार वाजवतोय, ताई, ताई करतोय. कडी मी लावलीय. नको येऊस रे. हे माझं.

सात राहिले. सात खिळे. उद्या जॅनिन येईल. तिच्या कागदावर नऊ भोकं लिहावी लागतील तिला, एकेक मोजून. लिहिणारच. लिही बाई, इथे कुणीतरी राहत होतं. खाली सही माझी, मेलेआने, आणि बाबांची, आणि

फेलेटीचा भाऊ. तिसरा. टेकवला. ती मागे सरकतेय, भिंत, खिळ्यापासून मागे— घाबरली. मीही घाबरलेय. बघू आता दोघींत आधी कोण—